मतदार याद्या, जुन्या (वर्धा जिल्हा)
कुटुंबाचा व गावाचा इतिहास शोधण्याचे एक साधन. १९३५ च्या कायद्यानुसार मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांवर ठरे. त्यामुळे १९३७ च्या निवडणुकीच्या यादीत नाव नसले, तर ते कुटुंब गावात नव्हते असे मानू नये. भूमिहीन मजूर व बहुसंख्य स्त्रिया प्रौढ मताधिकारानंतर, १९५१-५२ च्या निवडणुकीपासून यादीत आल्या. त्या वेळी वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता (१९५६ पर्यंत), हे जुनी कागदपत्रे धुंडाळताना विसरू नये. स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ एवढेच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे तेव्हा देशभरात वगळली गेली. पणजीचा शोध बहुधा इथेच अडतो.

यादी भागवार असते. घर क्रमांक, वडिलांचे वा पतीचे नाव, लिंग व वय यांवरून एका छताखालचे कुटुंब जुळवता येते. वय मात्र अंदाजीच धरावे. १९८९ पूर्वी मतदाराचे किमान वय २१ होते, म्हणून धाकटी भावंडे दिसत नाहीत. मुलगी एका यादीत असून पुढच्या यादीत नसेल, तर लग्न, स्थलांतर, मृत्यू यांपैकी काहीही संभवते. गावांची नावेही बदलतात: सेवाग्राम १९४० पूर्वी शेगाव होते.

केवळ यादीवरून वंशावळ मांडणे धोक्याचे. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यू नोंदी, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि अधिकार अभिलेख यांच्याशी ती ताडून पाहावी लागते.