हातांचा कंप : लक्षण आणि निदान यांचे संकेतांक वेगळे

रायपूर : थरथरणाऱ्या हातांची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर केवळ 'कंप' एवढेच लिहिले गेले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगवर्गीकरणानुसार त्याला 'आर २५.१' हा संकेतांक मिळतो. हा संकेतांक लक्षणाचा आहे, आजाराचा नव्हे.

आजाराचे संकेतांक निराळे आहेत. इसेन्शियल ट्रेमरसाठी 'जी २५.०', औषधांमुळे येणाऱ्या कंपासाठी 'जी २५.१', तर पार्किन्सनसाठी 'जी २०'. (इसेन्शियल म्हणजे येथे 'आवश्यक' नव्हे, ज्याचे मूळ कारण सापडत नाही, असा कंप.) पार्किन्सनचा कंप बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि हात विसावलेला असताना दिसतो. इसेन्शियल ट्रेमर कप उचलताना, सही करताना, दोन्ही हातांत जाणवतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार तो किमान तीन वर्षे असावा लागतो. म्हणूनच कंप कोणत्या हाताला, विश्रांतीत की हालचालीत, केव्हापासून आणि घरात आणखी कोणाला आहे, हे कागदावर येणे महत्त्वाचे. व्हॅल्प्रोएट, लिथियम किंवा दम्यासाठीचे सॅल्ब्युटामॉल चालू असल्यास तीही नोंद हवी. एरवी औषधाचा दोष मज्जासंस्थेच्या माथी बसतो.

अंदाजाने दिलेला 'जी २०' अधिक घातक. इसेन्शियल ट्रेमरवर प्रामुख्याने प्रोप्रॅनोलॉल किंवा प्रिमिडोन देतात, पार्किन्सनवर लेव्होडोपा. चुकीचा शिक्का पुढच्या रुग्णालयातही रुग्णासोबत जातो. रायपूरचे एम्स २०१२ मध्ये सुरू झाले. मुंबई-हावडा लोहमार्गाने गोंदिया या शहराशी थेट जोडलेले आहे. एका राज्यात तपासणी आणि दुसऱ्या राज्यात पुढील उपचार घेणाऱ्या कुटुंबाच्या हाती अनेकदा डिस्चार्ज कार्डच असते. त्यावरील मजकूर हिंदीत असो वा इंग्रजीत, संकेतांक सर्वत्र तोच वाचला जातो.

निदान पक्के नसेल, तर 'आर २५.१' लिहिण्यात कमीपणा नाही. 'कंप, पार्किन्सन किंवा इसेन्शियल ट्रेमरमुळे' असे लक्षणासह दोन पर्याय नोंदवलेले असताना वर्गीकरणाचे नियमही लक्षणाचाच संकेतांक देण्यास सांगतात. निदान ठरल्यावर तो बदलायचा असतो. नेमके हेच काम पुढच्या भेटीत राहून जाते.

आयसीडी-११ हे नवे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. त्यात इसेन्शियल ट्रेमर '८ए०४.१', तर पार्किन्सन '८ए००.०' येथे आहे. जुन्या नोंदी नव्या वर्गीकरणात नेताना 'आर २५.१' मात्र संगणकाला आपोआप यांपैकी कोणत्याही आजारात बदलता येत नाही. त्यासाठी मूळ केसपेपरच उघडावा लागतो.