लॅटिन नावांतले मराठी मासे

१/ १८२४ मध्ये एल्फिन्स्टन यांच्या मुंबई सरकारने विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकी माहिती जमवण्यास नेमले. शेती, हवामान, खडक, पक्षी, मासे. त्याने सारेच नोंदले.

२/ दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेने १८४१ मध्ये छापला. नावे देताना त्याने लोकांच्या बोलीतलेच शब्द उचलले. ‘टॉर खुदरी’मधला ‘खुदरी’ आणि ‘हिप्सेलोबार्बस कोलस’मधला ‘कोलस’ आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत आहेत.

३/ परभणीजवळच्या झरीखालचा काळा पाषाणही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच लाव्हारसाचा; परंतु हा मुलूख निजामाचा, मुंबई सरकारच्या कक्षेबाहेरचा. खडक एक, दप्तरे दोन.

४/ सायक्स ग्रंथांत अजरामर झाला. ज्यांच्या जिभेवर हे शब्द घडले, त्या मासेमारांची ओळख मात्र माशांच्या नावांतच उरली.