मिलोशची टोपी

ही टोपी यिर्झी मेन्झेल यांच्या ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ (१९६६) या चेक चित्रपटातली आहे. बोहुमिल हरबल यांच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. नाझींनी १९३९मध्ये चेक विद्यापीठे बंद केली, तेव्हा कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडावे लागलेले हरबल युद्धकाळात स्वतः रेल्वेत गाड्या सोडण्याच्या कामावर होते. चित्रपटातले स्टेशन म्हणूनच इतके खरे वाटते.

सुरुवातीलाच आई रेल्वेत नुकत्याच लागलेल्या तरुण मिलोशच्या डोक्यावर रेल्वेची नवी टोपी राज्याभिषेकाच्या थाटात चढवते. पोराची मोठी चिंता मात्र जर्मनांची नाही, आपण ‘पुरुष’ कधी होणार याची आहे. परकी सत्ता इथे शिक्क्यांतून आणि चौकशांतून दिसते. रात्रपाळीत एक कर्मचारी तारमास्तरणीच्या नितंबांवर कचेरीचे शिक्के उमटवतो. चौकशीत गुन्हा ठरतो तो जर्मन भाषेच्या अवमानाचा! जर्मनधार्जिणा वरिष्ठ नकाशा पसरून माघार हीच कशी युद्धनीती आहे, हे पटवत बसतो. हसू येते, पण दारूगोळ्याच्या गाड्या याच फलाटावरून जात असतात.

या चित्रपटाला कोणी ‘हलकीफुलकी प्रेमकथा’ म्हटले, तर ते आम्हाला पटणार नाही. चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. कादंबरीतला मिलोशचा शेवट पडद्यावरच्यापेक्षा वेगळा आहे. चित्रपट पाहिलेल्यांनीही ती जरूर वाचावी. – संपा.