गिअरच नाही, मग बिघडलं काय?

गोंदियात आमच्या घरी बाबांची सेकंडहँड कायनेटिक होंडा होती. एकदा तिरोड्याच्या रस्त्यावर ती नुसतीच ओरडायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला की आवाज वाढायचा, गाडी काही पळायची नाही. मेकॅनिकने दोनदा इंजिन उघडलं. शेवटी बाबांनी वैतागून ती भंगारच्या भावात विकली.

आता वाटतं, दोष बेल्टचाच असणार. कायनेटिक आणि होंडा १९८४ मध्ये एकत्र आल्या, त्यातून ही बिनगिअरची स्कूटर आली. म्हणजे बघा, गिअरचं काम दोन पुल्या आणि एक रबरी पट्टा करतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुली आवळते, पट्टा वर चढतो. हॉलंडच्या डाफने १९५८ मध्ये असाच पट्टा मोटारीत आणला होता. बर्फावरच्या स्नोमोबाइलही यावरच धावतात.

पट्टा झिजून अरुंद झाला की घसरतो. निघतानाच गाडी थरथरली, तर आधी मागचा क्लच बघायचा.

आमचा मेकॅनिक हाताच्या गिअरवर शिकलेला, त्याला हे कोण सांगणार? आणि गंमत म्हणजे, त्याच्या दुकानासमोरच राईस मिल होती. तिथला पट्टा घसरला की हमालालासुद्धा आवाजावरून कळायचं.