एकाच वेळी किती डाव मांडायचे?

पीएच.डी.ला प्रवेश घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न नक्की विचारा: एकाच वेळी मला किती कामं पेलवतील? मला याचं उत्तर पत्राने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाच्या इतिहासात सापडलं.

लंडन आणि एडिंबरो इथल्या क्लबांचा पत्राने सामना १८२४ मध्ये सुरू झाला आणि १८२८ मध्ये संपला. डाव फक्त पाच! एडिंबरोने दोन जिंकले, एक हरला, दोन बरोबरीत सुटले.

खेळ असा संथ असला की मोह होतो. उत्तर येईपर्यंत हात रिकामेच आहेत, मग घ्या आणखी एक डाव. एस्टोनियाच्या पॉल केरेसला गावात तोलामोलाचे खेळाडू मिळेनात, म्हणून तो शाळकरी वयातच पत्राने खेळू लागला. एका वेळी त्याचे दीडशेच्या आसपास डाव चालू असत, असं सांगतात. त्यातून तो खूप शिकला. पण जगज्जेतेपदासाठी खेळणाऱ्या हान्स बर्लिनरचं गणित बघा. १९६५ ते १९६८ च्या अंतिम फेरीत त्याचे १६ डाव होते. १२ जिंकले, ४ बरोबरीत, हार एकही नाही. पुढे त्याने बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकावर पीएच.डी. केली.

आता हिशोब करू. ऑनलाइन स्पर्धांत १० चालींना ५० दिवस ही मुदत बरीच रूढ आहे, म्हणजे चालीला सरासरी पाच दिवस. दहा डावांत तुमचीच पाळी असेल तर रोज दोन चाली. पन्नास डाव असतील तर रोज दहा! मुदत तीच, विचार मात्र उथळ होत जातो.

मग काही जण काय करतात? गप्प बसतात. हरलेला डाव सोडणं हा शिष्टाचार आहे, समोरचा मोकळा होतो. न सांगता गायब झालात तर तो घड्याळ संपेपर्यंत ताटकळतो. शिवाय तुमच्याशी आधीच हरलेल्याचा गुण गेलेला असतो आणि उरलेल्यांना फुकट मिळतो. सगळा गुणतक्ताच बिघडतो.

हे वाचताना मला माझीच लाज वाटली. एका सहकारी मैत्रिणीला डेटाचं विश्लेषण करून देतो म्हणालो होतो. जमेना, म्हणून मेलला उत्तर देणंच बंद केलं. तीन महिने तिचा पेपर माझ्यापायी अडला. "मला जमणार नाही" एवढ्या एका ओळीचं काम होतं.

म्हणून आज एक करा. हातातल्या कामांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, पाळी कुणाची? जिथे तुमची आहे आणि चाल सुचतच नाही, तिथे डाव सोडा. पण सांगून सोडा.