उसाचा तुरा

थंडीच्या दिवसांत उसाच्या फडाजवळून जाताना वाऱ्यावर डोलणारे रुपेरी तुरे आपण पाहिले असतील. वाटसरूला ते दृश्य मोठे सुंदर दिसते. पण फडाच्या मालकाला विचारा, त्याला त्यात काही सुंदर वाटत नाही. तुरा आला म्हणजे उसाची वाढ खुंटली. पुढे तोड लांबली की कांड्या पोकळ पडू लागतात, वजन घटते, साखरेचा उतारा कमी होतो. म्हणून तुरा म्हणजे नुकसान, असेच समीकरण आपल्या मनात बसले आहे.

एका खेड्यातल्या शाळेत बोलायला गेलो होतो. तेथे एका मुलाने विचारले, ‘‘सर, ऊस तर टिपरीपासून लावतात. मग त्याला तुरा कशाला येतो?’’ वर्गातली मुले हसली. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी जगातल्या जाणत्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचे उत्तर सापडले म्हणूनच आज आपल्या चहात साखर आहे.

आधी टिपरीची गोष्ट पाहू. आंब्याचे कलम केले की मूळ झाडाचेच फळ मिळते. कोय पेरली तर कसला आंबा येईल ते सांगता येत नाही. उसाचे तसेच आहे. टिपरीच्या डोळ्यातून फुटणारा ऊस हा मूळ उसाचा हुबेहूब अवतार असतो. यात फायदा आहे, कारण चांगली जात चांगलीच राहते. पण तोटाही आहे. मैलोगणती एकाच जातीचा ऊस उभा असला आणि त्या जातीला मानवणारा एखादा रोग आला, तर एक फड गेला की सगळेच जाण्याची भीती. जावा बेटावर १८८० च्या दशकात असेच झाले. ‘सेरेह’ नावाच्या रोगाने तिथला ऊस खुरटून जाऊ लागला आणि मळेवाले हवालदिल झाले.

तोपर्यंत सर्वसाधारण समज असा होता की, हजारो वर्षे टिपरीने लावून लावून उसाची बी धरण्याची शक्तीच नाहीशी झाली आहे. त्याच दशकात जावा आणि बार्बाडोस अशा एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या दोन बेटांवर संशोधकांनी दाखवून दिले की, तुऱ्यात बी धरते, ते उगवते, आणि त्यातून येणारे प्रत्येक रोप दुसऱ्यापासून निराळे असते. नव्या जाती मिळवण्याचा दरवाजा उघडला तो असा.

आता आपल्या देशाकडे वळू. साखरेचे माहेर हिंदुस्थान. ‘शर्करा’ हा आपला शब्द. तोच रूपे बदलत युरोपच्या भाषांत गेला. पण दैव असे की, १९३० च्या सुमारास हाच देश वर्षाला नऊ-दहा लाख टन साखर बाहेरून, मुख्यतः जावाहून, विकत घेत होता. आपल्याकडे ऊस नव्हता असे नाही. उत्तर हिंदुस्थानात तो अमाप होता. पण बोटाएवढा बारीक, चिवट आणि उत्पन्नाला कमी. दक्षिणेकडचा जाड, रसाळ ऊस तिकडे नेला तर थंडी, पाण्याची ओढ आणि रोग यांपुढे टिकत नसे.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी १९१२ साली कोईमतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. ऊस उत्तरेत आणि केंद्र दक्षिणेत, हे विचित्र वाटेल. कारण तुऱ्यातच आहे. उत्तरेत उसाला तुरा क्वचित येतो आणि आला तरी बी सहसा धरत नाही. कोईमतूरच्या हवेत तो मोकळेपणाने फुलतो व बी धरतो. शेतकऱ्याला नको असलेला तुरा पाहूनच शास्त्रज्ञांनी जागा निवडली!

या केंद्राचे पहिले प्रमुख डॉ. बार्बर आणि त्यांचे सहकारी, पुढे प्रमुख झालेले, टी. एस. वेंकटरामन. त्यांनी जे केले ते आज साधे वाटेल, पण त्या काळी धाडसाचे होते. नदीकाठी पांढऱ्या तुऱ्यांचे एक रानगवत वाढते. संस्कृतात त्याला काश म्हणतात, हिंदीत कांस. शेतात शिरले तर निघता निघत नाही, म्हणून लोक त्याला शिव्या देतात. हे गवत उसाचे रानटी भावंड आहे. त्यात गोडी जवळजवळ नाही, पण काटकपणा विलक्षण. बार्बर व वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा या रानगवताशी संकर केला. त्यातून निघालेली ‘को २०५’ ही जात १९१८ साली पंजाबात लागवडीसाठी दिली गेली आणि तिथल्या जुन्या उसापेक्षा सरस ठरली. ‘को’ म्हणजे कोईमतूर, हे आपण ओळखलेच असेल.

हा संकर करतात कसा? उसाचे फूल इतके बारीक की, एकेक हाताळणे कठीण. म्हणून ज्या जातीचा पराग दुबळा तिला मादी धरायचे आणि सकस परागाच्या जातीचे तुरे तिच्या तुऱ्याजवळ ठेवायचे, म्हणजे पराग तिच्यावर झडतो. बाहेरचा पराग येऊ नये म्हणून कापडाची पिशवी बांधायची. पुढे बी धरते, पण ते म्हणजे कापसासारखा हलका भुसा. त्यातून हजारो रोपे वाढवायची, दरवर्षी नापास झालेली काढून टाकायची आणि दहा-पंधरा वर्षांनी एखादे रोप शेतकऱ्याच्या हाती द्यायचे. एकदा ते मिळाले की मग पुन्हा टिपरी आहेच. याच केंद्रात १९३० च्या दशकात जानकी अम्मल या विदुषीने उसाच्या व रानउसाच्या रंगसूत्रांचा अभ्यास केला. विज्ञानात स्त्रिया विरळाच दिसत, त्या काळातली ही गोष्ट.

१९३२ साली सरकारने देशी साखरेला जकातीचे संरक्षण दिले. कारखाने भराभर उभे राहिले आणि पाच-सहा वर्षांत परदेशी साखरेची आवक नाममात्र उरली. जकात हे याचे एक कारण खरे. पण शेतात पुरेसा आणि चांगला ऊस नसता, तर नुसत्या जकातीने साखर झाली नसती.

आपल्या दख्खनच्या कालव्यांवर पूर्वी पुंड्या ऊस असे. जाड, रसाळ, गुळाला उत्तम, पण नाजूक. पुढे जावाची पी.ओ.जे. २८७८ आली, ती आणि कोईमतूरची को २९० यांच्या संकरातून को ४१९ निघाली. १९३२ साली नीरेजवळ पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. कोईमतूरच्या रोपांतून पाडेगावला पारखून घेतलेली को ७४० ही जात १९५६ साली शेतकऱ्यांना मिळाली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच काळातला. त्यानंतर गावोगाव जी धुराडी उभी राहिली, त्यांच्या मुळाशी सहकार होता तसे हे बेणेही होते. आजचे ‘८६०३२’ आणि ‘२६५’ हे त्याच परंपरेतले.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. को ७४० पुढे काणी रोगाला बळी पडू लागली. उत्तर प्रदेशात २००९ साली प्रसारित झालेल्या को ०२३८ या जातीने उत्पन्न आणि उतारा दोन्ही वाढवले. शेतकऱ्यांनी तिला इतके आपलेसे केले की, दुसरी जात औषधाला उरेना. पुढे तिच्यावर लाल कुजीचा रोग पडला आणि फडच्या फड वाळले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जावाने जो धडा घेतला तोच आपण पुन्हा पैसे मोजून घेतला. चांगली जात म्हणजे कायमची जात नव्हे. शिवारात दोन-तीन जाती असाव्यात, बेणे निरोगी बेणेमळ्यातले असावे, आणि खोडव्यातलेच टिपरे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लावू नये, हे आपल्या हातचे आहे. पाण्याचेही तसेच. नवी जात अति पाण्याने बिघडलेली जमीन दुरुस्त करून देत नाही.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. थंडीत मुलांना एकदा फडावर न्या. तुरा हातात द्या, त्यातला भुसा भिंगाखाली दाखवा. जवळ नदी असेल आणि काठावर काशाचे गवत असेल, तर तेही दाखवा आणि सांगा की, हे दोघे भाऊ आहेत. एकाने गोडी दिली, दुसऱ्याने बळ दिले. एक तुरा नुकसानीचा म्हणून आणि दुसरे गवत तण म्हणून आपण टाकून देत होतो. कोणीतरी थांबून दोन्हींकडे नीट पाहिले, म्हणून आपल्या शेतात ऊस उभा राहिला. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.