शहर खरंच स्वच्छ आहे का? क्रमांकामागचे निकष समजून घ्या

स्वच्छ सर्वेक्षणाचा निकाल लागला की आपले शहर कितवे आले याची चर्चा सुरू होते. केंद्र सरकारने हे सर्वेक्षण २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू केले. पहिल्या वर्षी म्हैसूर अव्वल ठरले, नंतर अनेक वर्षे इंदूर पहिले आले. पुढे कचरामुक्त शहरांना एक, तीन, पाच किंवा सात तारेही मिळू लागले.

काय तपासले जाते?

झाडलेला रस्ता हा फक्त एक भाग. मुख्य प्रश्न चार :

१. घंटागाडी प्रत्येक घरापर्यंत येते का?
२. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा घेतला जातो का? २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे बंधनकारक केले.
३. गोळा झालेल्या कचऱ्यावर प्रक्रिया किती होते?
४. जुने कचऱ्याचे डोंगर हटवले का?

इंदूरने देवगुराडियाचा जुना ढीग हटवला. २०२२ मध्ये तिथे ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. घरातच ओला कचरा वेगळा झाला नसता तर हे जमले नसते.

क्रमांक शहराचा, धूर मोहल्ल्याचा

क्रमांक संपूर्ण शहराला मिळतो, त्रास मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडत आला. त्याला लागूनच गोवंडी-शिवाजीनगरची दाट वस्ती आहे, आपल्या समाजाची हजारो कुटुंबे तिथे राहतात. २०१६ च्या आगीत धुरामुळे परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यामुळे शहराचा क्रमांक पाहताना आपल्या वॉर्डात काय चालले आहे तेही विचारायला हवे.

आपण काय करू शकतो?

आठवडाभर घंटागाडीच्या वेळा लिहून ठेवा. वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो का, ते पाहा. नोंदी घेऊन वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार करा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

आपल्या घराचेही मोजमाप व्हावे. बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष नाल्यात किंवा कोपऱ्यावर न टाकता पालिकेने ठरवलेल्या ठिकाणी किंवा गाडीतच द्या. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा आपल्याकडे ईमानचाच भाग मानला जातो. मग ती वाटेत आपणच टाकायची कशी?